कुलागत आणि नवागत : काठीच्या मुलुखांतील विधानसभेच्या निवडणुकांचा एक विचार

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर भागांत, सातपुड्याच्या रांगांमध्यें, काठी हें गांव आहे. अक्कलकुवा तालुक्यांतील या गांवाची राजवाडी होळी प्रसिद्ध असून ती इ. स. १२४६ पासून चालत आली आहे अशी तेथील परंपरा सांगते. होळीच्या निमित्तानें काठीचें नांव सर्वांच्या कानावर जातें. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें या नांवाकडे आणखी एका कारणासाठीं पाहिलें पाहिजे. इ. स. १८७४, १९३६ व १९५० या तीन सालांतील तीन सरकारी लेखांत तें जवळजवळ त्याच शब्दांनीं आलेलें आहे, आणि तिन्ही ठिकाणीं तें एका कुळाच्या वंशपरंपरागत सत्तेचें निदर्शक आहे. हाच मुलूख आज महाराष्ट्र विधानसभेच्या मतदारसंघांच्या यादींत पहिल्या क्रमांकावर आहे. अक्कलकुवा हा तो मतदारसंघ होय.

२०२४ सालीं या मतदारसंघांत, १९९० पासून सात वेळां निवडून आलेले आमदार पराभूत झाले, आणि विधानसभेंत त्यापूर्वीं कधींही न बसलेला मनुष्य त्यांच्या जागीं आला. अशा घटनेचें वर्णन वृत्तपत्रांतून "धक्का" या एका शब्दानें केलें जातें व दुसऱ्या दिवशीं ती विसरली जाते. परंतु ज्या मुलुखांत एका पिढीमागें सत्ता बापाकडून मुलाकडे जात असे, तेथें नवखा मनुष्य प्रस्थापितास आव्हान देतो म्हणजे नेमकें काय करतो, त्यास कोणत्या अडचणी ओलांडाव्या लागतात, आणि यश येतें तें कोणत्या रीतीनें, एवढ्याच प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याचा अथवा कोणा व्यक्तीची योग्यता ठरविण्याचा येथें हेतु नाहीं.

१. तीन सरकारी लेख

पहिला लेख म्हणजे १८७४ चा अनुसूचित जिल्ह्यांचा कायदा. ब्रिटिश हिंदुस्थानांतील जे प्रदेश सामान्य कायद्यांच्या कक्षेबाहेर ठेवावयाचे, त्यांची यादी या कायद्यास जोडलेली होती. तिच्या मुंबई इलाख्याच्या भागांत मेहवासी सरदारांचीं गांवें येतात, व त्या सरदारांची नांवनिशी अशी दिली आहे : काठीचा पाडवी, नालचा पाडवी, सिंगपूरचा पाडवी, गव्हाळीचा वळवी, चिखलीचा वसावा आणि नवलपूरचा पाडवी. मेहवास हा शब्द मही नदीच्या कांठच्या वस्तीवरून आला असें कित्येकांचें मत आहे. व्यवहारांत मात्र सरकारच्या पूर्ण ताब्यांत न आलेला डोंगरी मुलूख, असाच त्याचा अर्थ रूढ झाला होता. खानदेशचा कलेक्टर हाच या सरदारांवरील पोलिटिकल एजंट असे.

दुसरा लेख १९३६ चा. १९३५ च्या गव्हर्मेंट ऑफ इंडिया ॲक्टाप्रमाणें "वगळलेले" व "अंशतः वगळलेले" असे प्रदेश ठरविण्यांत आले, त्यांत पश्चिम खानदेश जिल्ह्यांतील नवापूर पेठा, अक्राणी महाल आणि याच सहा सरदारांचीं गांवें अंशतः वगळलेल्या प्रदेशांत घातलीं गेलीं. याचा परिणाम असा कीं, प्रांतिक कायदेमंडळानें केलेला कोणताही कायदा गव्हर्नरनें तसा हुकूम काढल्याखेरीज तेथें लागू होत नसे. मुंबईच्या असेंब्लींत त्या वेळीं १७५ जागा होत्या. त्यांपैकीं मागास प्रदेश व जमाती यांच्या प्रतिनिधीसाठीं अवघी एक जागा राखलेली होती. शिवाय मताधिकार हा मालमत्ता, सारा, शिक्षण इत्यादि अटींवर अवलंबून असल्यामुळें डोंगरांतील बहुसंख्य लोकांस मतच नव्हतें. १९३७ ची निवडणूक देशांत गाजली; काठीच्या सामान्य मनुष्यास मात्र प्रतिनिधि निवडण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार तिनें फारसा दिला नाहीं.

तिसरा लेख १९५० चा, म्हणजे राज्यघटनेच्या पांचव्या अनुसूचीखालीं अनुसूचित क्षेत्रें ठरविणारा राष्ट्रपतींचा आदेश. त्यांतही पश्चिम खानदेशाच्या नोंदींत तींच सहा नांवें त्याच क्रमानें आलेलीं आहेत. हेतु अर्थात् निराळा होता. पूर्वींचे दोन लेख या मुलुखास सामान्य राज्यव्यवहारापासून वेगळे ठेवीत होते. या तिसऱ्यानें तेथील आदिवासी जनतेच्या जमिनी व जीवन यांस संरक्षण देण्याचें योजिलें. परंतु ओळख पटविण्यासाठीं शब्द मात्र जुनेच वापरावे लागले : अमुक सरदाराच्या मालकीचीं गांवें.

त्याच १९५० सालीं राज्यघटना अंमलांत आली. तिच्या ३२६ व्या अनुच्छेदानें एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मत दिलें (१९८९ पासून ही मर्यादा अठरा वर्षांची झाली आहे), ३३२ व्या अनुच्छेदानें राज्यांच्या विधानसभांत अनुसूचित जमातींसाठीं जागा राखून ठेवल्या, आणि १७३ व्या अनुच्छेदानें पंचवीस वर्षें पूर्ण झालेल्या कोणाही नागरिकास आमदारकीस उभें राहण्याची मोकळीक दिली. एकाच वर्षीं एका लेखांत काठीचा पाडवी हा गांवांचा धनी म्हणून नोंदला गेला, आणि दुसऱ्या लेखानें त्या गांवांतील कोणीही मनुष्य सर्व मुलुखाचा प्रतिनिधि होऊं शकेल असें ठरविलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पाडवी, वळवी, वसावे हीं आज या भागांतील असंख्य सामान्य कुटुंबांचीं आडनांवें आहेत. १८७४ च्या यादींत जें नांव सरदाराची खूण होतें, तें आतां मतपत्रिकेवर दोन, तीन किंवा अधिक उमेदवारांच्या नांवापुढें दिसतें. आडनांव एक असल्यावरून नातें किंवा संस्थानाशीं संबंध आहे असें मानतां येत नाहीं. बाहेरचा वाचक या ठिकाणीं हमखास घोटाळ्यांत पडतो, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

२. दोन शब्द व एक जुना वाद

विधानसभेंत पूर्वीं कधीं न बसलेल्या उमेदवारास या लेखांत "नवागत" म्हटलें आहे. परंतु सर्व नवागत एका जातीचे नसतात. ज्याचा बाप, भाऊ किंवा अन्य आप्त आधींच आमदार, खासदार अथवा मंत्री आहे, असा मनुष्य स्वतः नवा असला तरी त्याच्यामागें घराची घडी बसलेली असते. अशास "कुलागत नवागत" म्हणूं. आणि ज्यास असा आधार नाहीं त्यास "केवळ नवागत" म्हणूं. हा भेद न केल्यास प्रस्थापित पडला कीं लोकशाहीचें चक्र फिरलें असें समजण्याची चूक होते. पुष्कळदां चक्र फिरलेलें नसतें. एका घरांतून सत्ता दुसऱ्या घरांत गेलेली असते, किंवा त्याच घरांत एक पिढी पुढें सरकलेली असते.

हा विचार आपल्याकडे नवीन नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणांत अमात्य कोणास नेमावें याविषयीं पूर्वाचार्यांचीं मतें दिलीं आहेत. कौणपदन्ताच्या मतें ज्यांचे वाडवडील सेवेंत होते अशांस नेमावें, कारण त्यांची निष्ठा अनुभवास आलेली असते. वातव्याधि यावर आक्षेप घेतो : असे लोक सर्व कांहीं आपल्या ताब्यांत घेतात व धन्यासारखे वागूं लागतात, म्हणून नवे लोक नेमावेत, ते राजदंडाचें भय बाळगतात. बाहुदन्तीपुत्र म्हणतो कीं, शास्त्र जाणणारा पण प्रत्यक्ष काम न केलेला नवा मनुष्य कामांत चुकतो. शेवटीं कौटिल्य निर्णय देतो तो असा कीं, या सर्वांचें म्हणणें आपापल्या परीनें योग्य आहे. पुरुषाचें सामर्थ्य त्याच्या कार्यावरून ठरवावें. राजाच्या जागीं मतदार बसविला म्हणजे आजच्या निवडणुकींतील वाद हाच आहे. फरक एवढाच कीं, राजा एकटा होता व त्याच्यापाशीं चौकशीचीं साधनें होतीं. मतदार लक्षावधि असतात, आणि चौकशीचें साधन ज्याच्या त्याच्या पाड्यापुरतें असतें.

३. नवागताची वाट

कायद्याच्या दृष्टीनें वाट सोपी दिसते. वय पंचवीस, मतदारयादींत नांव, राखीव जागेसाठीं जमातीचा दाखला, अनामत रक्कम दहा हजार रुपये व अनुसूचित जमातीच्या उमेदवारास तिच्या निम्मी म्हणजे पांच हजार. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असल्यास एक सूचक, अपक्ष असल्यास दहा. एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा न मिळाल्यास अनामत जप्त होते. महाराष्ट्रांत विधानसभेच्या उमेदवारास खर्चाची मर्यादा २०२२ पासून चाळीस लाख रुपये आहे. एकच मनुष्य किती वेळां निवडून यावा याला मर्यादा मुळींच नाहीं.

व्यवहारांत मात्र तीन गोष्टी विषम असतात. पहिली पक्षाची उमेदवारी. अमेरिकेंत विद्यमान प्रतिनिधीस त्याच्याच पक्षांतील नवखा मनुष्य प्राथमिक निवडणुकींत उघड आव्हान देऊं शकतो, आणि तेथील निवड पक्षाचे मतदारच करतात; तरीही तेथील प्रतिनिधिगृहांत पुन्हां उभे राहणाऱ्यांपैकीं बहुतेक वेळां दहांत नऊजण निवडून येतात. आपल्याकडे ही पायरीच नाहीं. उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवितात, आणि पक्षांची युति असल्यास जागा कोणत्या पक्षास जावयाची हें मुंबईंत किंवा दिल्लींत ठरतें. त्यामुळें ज्यास स्वतःच्या पक्षांत वाट मिळत नाहीं त्यास पक्ष बदलणें किंवा अपक्ष उभें राहणें हेच दोन मार्ग उरतात. आपल्या राजकारणांतील पक्षांतरांचें एक मूळ येथें आहे.

दुसरी गोष्ट चिन्ह. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिच्यावर त्याचें चिन्ह असे. मतदारानें कोऱ्या हातानें येऊन मिळालेली मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटींत टाकावयाची. पुढें एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची रीत आली, व २००४ पासून लोकसभेच्या निवडणुका सर्व देशभर यंत्रावर होऊं लागल्या. साधनें बदललीं, परंतु ज्या भागांत अक्षरओळख कमी होती तेथें चिन्ह हेंच उमेदवाराचें मुख झालें. प्रस्थापिताचें चिन्ह पांच-पांच निवडणुका लोकांच्या डोळ्यांसमोर असतें. अपक्षास तें मतदानाच्या कांहीं दिवस आधीं मिळतें, व तें डोंगरांतल्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोंचविणें हेंच त्याचें अर्धें काम होऊन बसतें.

तिसरी गोष्ट मुलुखाची रचना. अक्कलकुवा मतदारसंघांत अक्कलकुवा व अक्राणी असे दोन तालुके आहेत. धडगांव हें अक्राणीचें मुख्य ठिकाण. उत्तरेस नर्मदा, मध्यें सातपुडा, आणि गांवें म्हणजे डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे. नर्मदेकांठचें मणिबेली हें महाराष्ट्रांतील पहिल्या क्रमांकाचें मतदानकेंद्र. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळें तेथें मतदानपथकास जलमार्गानें जावें लागतें. याच धरणामुळें महाराष्ट्रांतील ३३ गांवें बाधित झालीं, तीं याच दोन तालुक्यांतलीं. दिवाळीनंतर अनेक कुटुंबें ऊसतोडीस गुजरातेंत व अन्यत्र जातात. अशा मुलुखांत विद्यमान आमदारापाशीं सरकारी कामाच्या निमित्तानें सर्वत्र पोंचण्याचें कारण असतें, स्थानिक विकासाचा निधि असतो, आणि गांवोगांवच्या माणसांशीं जुळलेली ओळख असते. नवागतास हें सर्व स्वतःच्या पायांनीं उभें करावें लागतें.

राखीव जागेमुळें एक गोष्ट मात्र निश्चित झाली आहे. येथें प्रस्थापित व नवागत दोघेही आदिवासी समाजांतलेच असतात. बाहेरच्या धनाढ्यानें येऊन ही जागा घ्यावी असें होऊं शकत नाहीं. परंतु जागा समाजाकडे राहिली म्हणजे ती समाजांतील कोणाही सामान्य मनुष्याच्या आटोक्यांत राहिली असें ठरत नाहीं. तें पुढील आंकड्यांवरून पाहावयाचें आहे.

४. २०१९ व २०२४ : आंकड्यांचा अर्थ

श्री. के. सी. पाडवी हे १९९० सालीं प्रथम निवडून आले, तेव्हां तेही विधानसभेंत नवागतच होते. त्यानंतर २०१९ पर्यंत ते एकूण सात वेळां आमदार झाले. आधीं जुन्या अक्राणी मतदारसंघांतून, व २००९ पासून पुनर्रचित अक्कलकुवा मतदारसंघांतून. २०१९ च्या डिसेंबरांत ते राज्याचे आदिवासी विकास मंत्री झाले व २०२२ च्या जूनपर्यंत त्या पदावर होते.

२०१९ च्या निवडणुकींत त्यांच्या विरुद्ध शिवसेनेचे श्री. आमश्या फुलजी पाडवी उभे होते. पक्षाच्या जिल्ह्यांतील संघटनेच्या कामांतून ते वर आले होते. निकाल असा लागला : श्री. के. सी. पाडवी ८२,७७० मतें, श्री. आमश्या पाडवी ८०,६७४ मतें, अंतर २,०९६. म्हणजे प्रस्थापिताच्या बाजूचे १,०४९ मतदार दुसऱ्या बाजूस गेले असते तर निकाल फिरला असता. दोघांच्या मिळून १,६३,४४४ मतांत ही संख्या शेंकडा एकाहूनही कमी आहे.

पराभवानंतर आव्हान देणाराची स्थिति पूर्वींसारखी राहिली नाहीं. २०२२ सालीं श्री. आमश्या पाडवी विधानपरिषदेवर निवडून गेले. शिवसेनेंत फूट पडल्यावर कांहीं काळ ते श्री. उद्धव ठाकरे यांच्या पक्षांत राहिले, व २०२४ च्या मार्चमध्यें श्री. एकनाथ शिंदे यांच्या पक्षांत गेले. २०२४ च्या नोव्हेंबरांत ते पुन्हां विधानसभेस उभे राहिले तेव्हां ते विधानसभेस नवे असले तरी विधिमंडळास नवे नव्हते, आणि सत्ताधारी पक्षाचे उमेदवार होते. केवळ नवागतास प्रस्थापितासमोर बरोबरीनें उभें राहावयाचें तर आधीं स्वतः अर्धा प्रस्थापित व्हावें लागतें, हें यावरून दिसतें.

याच निवडणुकींत तिसरी मोठी उमेदवारी डॉ. हिना गावित यांची होती. युतींत ही जागा त्यांच्या पक्षाकडे न आल्यामुळें भारतीय जनता पक्ष सोडून त्या अपक्ष उभ्या राहिल्या. निकाल असा : श्री. आमश्या पाडवी ७२,६२९ मतें, श्री. के. सी. पाडवी ६९,७२५ मतें, अंतर २,९०४. डॉ. गावित तिसऱ्या आल्या.

आतां दोन्ही निकाल शेजारीं मांडून पाहावेत. विजयी झालेल्या उमेदवारास २०२४ सालीं मिळालेलीं मतें त्यानें २०१९ सालीं पराभूत होतांना मिळविलेल्या मतांपेक्षां ८,०४५ नीं कमी आहेत. प्रस्थापिताचीं मतें १३,०४५ नीं कमी झालीं. दोहोंच्या घटींतील फरक बरोबर ५,००० चा, आणि तेवढ्यानें २,०९६ ची पिछाडी २,९०४ ची आघाडी झाली. अर्थात् नवागत अधिक मतें मिळवून जिंकला नाहीं. प्रस्थापित अधिक मतें गमावून हरला. तिघांच्या लढतींत मतांची वांटणी झाली, आणि ज्याची रास कमी खचली तो वर राहिला. "जनतेनें प्रस्थापितास नाकारलें" किंवा "नव्या नेतृत्वास कौल दिला" अशीं वाक्यें लिहिण्यापूर्वीं हे चार आंकडे पाहावयास पाहिजेत. ज्यास सर्वांत अधिक मतें तो विजयी, मग तीं निम्म्यांहून कमी कां असेनात, या आपल्या पद्धतींत तिसऱ्या उमेदवाराचें महत्त्व किती असतें हें यांत स्पष्ट होतें.

५. शेजारच्या मतदारसंघांचा दाखला

एकाच ठिकाणच्या निकालावरून सिद्धान्त बांधणें बरें नव्हे, म्हणून जिल्ह्यांतील अन्य उदाहरणें पाहूं. नवापुरांत श्री. सुरूपसिंग नाईक दीर्घकाळ आमदार होते. २००९ सालीं समाजवादी पक्षाचे श्री. शरद गावित यांनीं त्यांचा पराभव केला. श्री. शरद गावित हे विधानसभेस नवे होते. परंतु नंदुरबारचे आमदार डॉ. विजयकुमार गावित यांचे ते बंधु. २०१४ सालीं श्री. नाईक यांनीं जागा परत मिळविली, आणि २०१९ मध्यें ती त्यांचे पुत्र श्री. शिरीषकुमार नाईक यांच्याकडे आली. २०२४ सालीं श्री. शिरीषकुमार नाईक व अपक्ष श्री. शरद गावित यांच्यांत पुन्हां लढत झाली, ती श्री. नाईक यांनीं अवघ्या १,१२१ मतांनीं जिंकली.

शहाद्यांत २०१४ सालीं श्री. उदेसिंग पाडवी निवडून आले होते. २०१९ मध्यें पक्षानें त्यांच्या जागीं त्यांचे पुत्र श्री. राजेश पाडवी यांस उमेदवारी दिली व ते विजयी झाले. पिता त्या वेळीं दुसऱ्या पक्षाकडून नंदुरबारांत उभे राहिले. लोकसभेचा मतदारसंघ विधानसभेच्या सहा मतदारसंघांचा असल्यामुळें त्याची तुलना सांभाळून करावी लागते. तथापि तेथेंही तोच प्रकार आहे. नऊ वेळां निवडून आलेले श्री. माणिकराव गावित यांस २०१४ सालीं डॉ. हिना गावित यांनीं १,०६,९०५ मतांनीं पराभूत केलें, त्या डॉ. विजयकुमार गावित यांच्या कन्या. २०२४ सालीं डॉ. हिना गावित यांस ॲड. गोवाल पाडवी यांनीं १,५९,१२० मतांनीं पराभूत केलें; ते श्री. के. सी. पाडवी यांचे पुत्र.

या उदाहरणांत तरुण, सुशिक्षित व प्रथमच निवडून येणारे असे नवागत पुष्कळ दिसतात, आणि त्यांच्या योग्यतेविषयीं येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. परंतु त्यांतील प्रत्येकजण कुलागत आहे. केवळ घराचें नांव पुरेसें असतें असेंही नाहीं. २०२४ मध्यें अक्कलकुव्यांत डॉ. गावित तिसऱ्या आल्या, आणि नवापुरांत श्री. शरद गावित थोडक्यांत हरले. तरी पहिल्याच प्रयत्नांत प्रस्थापितास पाडण्याचें यश मुख्यतः कुलागतास आलें, आणि अक्कलकुव्यांत जिल्हासंघटनेंतून आलेल्या उमेदवारास त्याकरितां दुसरी निवडणूक, मधल्या काळांतील विधानपरिषद व तिरंगी लढत यांची वाट पाहावी लागली, हें निरीक्षण नाकारतां येत नाहीं.

६. उत्तरमेरूरचा नियम

मग प्रस्थापितास कायद्यानेंच रोखावें काय, असा प्रश्न साहजिक येतो. याचें एक जुनें उदाहरण दक्षिणेंत आहे. तामिळनाडूंतील कांचीपुरम् जिल्ह्यांत उत्तरमेरूर येथील वैकुंठपेरुमाळ मंदिराच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकीर्दींतील इ. स. ९१९ व ९२१ चे दोन शिलालेख आहेत. त्यांत ग्रामसभेच्या समित्यांवर सभासद कसे निवडावेत याचे नियम कोरलेले आहेत. गांवाचे तीस विभाग. प्रत्येक विभागांतील पात्र पुरुषांचीं नांवें ताडपत्रावर लिहून घटांत टाकावयाचीं, व एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढवावयाची. नव्या नियमाप्रमाणें वयाची मर्यादा पस्तीस ते सत्तर. मागील तीन वर्षांत जो समितीवर होता तो अपात्र. आणि ज्यानें समितींत असतां हिशेब दिला नाहीं तो तर अपात्रच, पण त्याचे आप्तही अपात्र.

प्रस्थापित व कुलागत या दोहोंचाही विचार त्या ग्रामसभेनें केला होता, हें पाहून आजच्या वाचकास नवल वाटेल. परंतु याच लेखांत दुसऱ्याही अटी आहेत : करपात्र जमीन पाहिजे, स्वतःच्या जागेवर घर पाहिजे, वेदाचें अध्ययन पाहिजे. अर्थात् आंतील थोड्या लोकांत अधिकार फिरता ठेवण्याची ती उत्तम योजना होती, आणि बाहेरच्या बहुसंख्यांस तिच्यांत प्रवेशच नव्हता. काठीचा सामान्य भिल्ल त्या घटांत आपली चिठ्ठी कधींच टाकूं शकला नसता. आपल्या घटनेनें याच्या उलट मार्ग धरला : कोणास अटकाव करावयाचा नाहीं, प्रस्थापितास नाहीं, त्याच्या आप्तांस नाहीं, आणि निर्धनासही नाहीं. चिठ्ठी व मुदतबंदी यांनीं जें काम तेथें होत असे, तें येथें मतदाराच्या विवेकावर सोपविलें आहे.

तथापि उत्तरमेरूरचा एक नियम मतदारानें स्वतःपुरता स्वीकारण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. तो म्हणजे हिशेब. पांच वर्षांत रस्ता कोठपर्यंत आला, आश्रमशाळेंत शिक्षक आहेत काय, वनहक्काचे दावे किती निकालीं लागले, विस्थापितांस जमीन मिळाली काय, हे प्रश्न आमदारास विचारावेत, आणि त्याच्या जागीं त्याचा पुत्र किंवा बंधु मत मागावयास आला तर त्यासही तेच विचारावेत. कुलागताच्या बाबतींत हिशेब कुळाकडे मागणें अन्यायाचें नाहीं, कारण कुळाचें भांडवल तो वापरीत असतो. आणि कालचा नवागत आज प्रस्थापित झाला असेल तर पुढील निवडणुकींत तोच नियम त्यासही लागू आहे. कौटिल्याचें कार्यावरून सामर्थ्य ठरविण्याचें तत्त्व व्यवहारांत आणावयाचें तें याच रीतीनें.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा. काठीच्या मुलुखांत १९५० पर्यंत सरकारी लेखांनीं कुळाची सत्ता नोंदलेली होती. घटनेनें ती वाट मोडून कोणाही प्रौढ आदिवासीस प्रतिनिधि होण्याची वाट उघडली. त्या वाटेनें नवागत येत आहेत. परंतु त्यांत कुलागत पुष्कळ व केवळ नवागत थोडे. केवळ नवागतास पक्ष, चिन्ह व मुलूख या तीन चढणी चढाव्या लागतात, आणि २०१९ व २०२४ चे आंकडे सांगतात कीं, शेवटीं निकाल हजार-दीड हजार मतदारांच्या फेरानें ठरतो. ही संख्या एखाद्या मोठ्या मतदानकेंद्राच्या यादीइतकी आहे. आपल्या एका मतानें काय होणार असें म्हणणाऱ्या पाड्यास एवढें उत्तर पुरेसें व्हावें.

अभ्यासकांपुढें एक काम शिल्लक आहे. १९५२ पासूनच्या निवडणुकांत या मुलुखांतून कोण कोण उभे राहिले व पडले, त्यांच्या घरीं कोणते कागद आहेत, सभांतून कोणत्या बोलींत कोणते प्रश्न बोलले गेले, याची नोंद जिंकलेल्यांच्या यादींत सांपडत नाहीं. हरलेल्या उमेदवारांचीं पत्रकें, जाहीरनामे व त्यांच्याबरोबर डोंगर तुडविलेल्या माणसांच्या आठवणी काठी, मोलगी, धडगांव, तळोदें या भागांत अद्याप मिळूं शकतील. संस्थानांचीं दप्तरें जमविण्यांत जी आस्था आपण दाखविली, तीच आस्था या साध्या कागदांविषयीं दाखविली पाहिजे. तीं माणसें वृद्ध होत चाललीं आहेत; हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं.